‘ओल्ड स्कूल’ हा शब्द कसा ओळखावा, कसा वापरावा

लीड्सचा ग्राहक फोनवर म्हणाला, “आय ॲम अ बिट ओल्ड स्कूल, आय ॲम अफ्रेड. कुड यू जस्ट रिंग मी?” कॉल संपला आणि आमच्या बॅचमधला बीडचा मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. “मॅडम, तो शाळेचं काय बोलत होता? आणि घाबरला कशाला?”

घाबरण्याचं मी हसत हसत निस्तरलं; ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणजे तिथे नुसतं ‘माफ करा हं’. शाळेचं मात्र पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून उद्यावर टाकलं. तेवढ्यात घोळ झाला. पोराने दुसऱ्या दिवशीचा अहवाल नेहमीसारखा चॅटवर टाकला, तिसऱ्या दिवशीचाही टाकला, आणि चौथ्या दिवशी त्याच्या टीम लीडला लीड्सहून तक्रार आली की सांगूनही फोन येत नाही. पोरगा रडकुंडीला. “त्याने सांगितलं कुठे? तो स्वतःबद्दल काहीतरी बोलत होता!”

सांगितलं होतं. इंग्रज माणूस असंच सांगतो.

पुण्यातल्या कंपन्यांमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी बोलण्याचं इंग्रजी शिकवते. ही मुलं पुस्तकी शब्दांना अडत नाहीत. ती अडतात अशा दोन साध्या शब्दांच्या जोडीला, ज्यातला प्रत्येक शब्द पहिलीत शिकलेला असतो. ‘ओल्ड’ माहीत, ‘स्कूल’ माहीत, आणि जोडीचा अर्थ शून्य. तेव्हा हा एकच शब्दप्रयोग घेऊन, मी वर्गात ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने सांगते.

पायरी १ : ‘स्कूल’मधून शाळा काढून टाका

इथलं ‘स्कूल’ म्हणजे घंटा, गणवेश आणि डबा नव्हे. एकाच गुरूकडून किंवा एकाच विचारातून आलेली, एकाच रीतीने काम करणारी मंडळी, असा त्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘स्खोले’, त्याचा अर्थ फावला वेळ. फावल्या वेळात चर्चा करायला जमणारे लोक, मग ते जमतात ती जागा, आणि मग त्या जागेतून बाहेर पडणारी एका मताची माणसं, असा तो शब्द लॅटिनमार्गे इंग्रजीत पोचला. इमारतीचा अर्थ आपल्याकडे आला, माणसांचा मागे राहिला. (शाळेचं मूळ फावला वेळ आहे हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावर हमखास खसखस पिकते.)

मराठी माणसाला हा दुसरा अर्थ समजायला खरं तर काहीच अवघड नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे: घराणं. किराणा घराणं, ग्वाल्हेर घराणं, जयपूर-अत्रौली घराणं. अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेन जोशी ही एका ‘स्कूल’ची माणसं. त्यांनी काही एका वर्गात बसून हजेरी दिली नव्हती, पण सुराकडे बघण्याची रीत एक. गाण्याबाहेर आपण त्यालाच पठडी म्हणतो.

मुंबईत तर एकाच चित्रकलेत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सापडतात. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही १८५७ साली सुरू झालेली संस्था. तिथलं स्कूल म्हणजे खरीखुरी शाळा, तिला फाटक आहे, प्रवेश अर्ज आहे. आणि ‘बॉम्बे स्कूल’ म्हणजे तिथे शिकलेल्या चित्रकारांची वास्तवदर्शी पठडी, तिला फाटक नाही. समोर अवनींद्रनाथ टागोरांचं ‘बेंगॉल स्कूल’ उभं होतं, तेही पठडीच. क्रिकेटवाले ‘बॉम्बे स्कूल ऑफ बॅटिंग’ म्हणतात: सरळ बॅट, विकेट फेकायची नाही, गोलंदाज कंटाळेपर्यंत उभं राहायचं. विजय मर्चंट, गावसकर, वेंगसरकर. मराठीत या अख्ख्या पठडीला एकच शब्द पुरतो, खडूस. १९७५च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावसकरांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ काढल्या, ते मात्र या पठडीच्या नावावर खपवू नका. त्याला काय म्हणायचं हे पन्नास वर्षं झाली तरी ठरलेलं नाही.

तर ‘ओल्ड स्कूल’ म्हणजे जुनं घराणं, जुनी पठडी. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

पायरी २ : नवं काय आलंय ते शोधा

ही पायरी शब्दकोशात मिळत नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. कुठलीही गोष्ट नुसती जुनी आहे म्हणून ‘ओल्ड स्कूल’ होत नाही. शेजारी नवं येऊन बसावं लागतं. नवं आलं, सगळे तिकडे गेले, आणि एखादा तरीही जुन्यापाशी थांबला, की तो ओल्ड स्कूल.

माझी आजी कोकणात पाट्यावर वाटण वाटायची. तेव्हा घरात मिक्सर नव्हता. आजी ओल्ड स्कूल होती का? अजिबात नाही. पाटा हा पाटा होता, दुसरं काही नव्हतंच. दारावर पाट्याला टाकी लावणारा यायचा, छिन्नीचा टकटक आवाज दुपारभर चालायचा, आणि त्यानंतरच्या पहिल्या वाटणात कचकच येते म्हणून आजी आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायची. हे कौतुकाचं काही नव्हतं, रोजचं काम होतं. आता माझ्या मावसबहिणीकडे ओट्यावर चांगला साडेसातशे वॅटचा मिक्सर आहे, आणि तरी ती रविवारी बाल्कनीत पाटा मांडून ओल्या खोबऱ्याची चटणी वाटते, फोटो काढते आणि खाली लिहिते, ‘गोइंग ओल्ड स्कूल टुडे’. ही ओल्ड स्कूल. वरवंटा तोच, हात तसेच. फरक ओट्यावरच्या मिक्सरचा.

मराठीतही नवं आल्यावरच जुन्याला नवं नाव मिळतं, लक्ष देऊन बघा. सगळी अंडी गावातलीच होती तोवर ‘गावठी अंडी’ कुणी म्हणत नव्हतं. पोल्ट्रीची आली तेव्हा ती गावठी झाली. गिरणी आली तेव्हा तांदूळ ‘हातसडीचा’ झाला. गॅस घरोघरी पोचला, आणि मग हायवेवर पाट्या लागल्या: ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’. माझ्या पणजीने अशी पाटी बघितली असती तर विचारलं असतं, मग दुसरी कशावरची असते?

इंग्रजी शब्दाच्या इतिहासातही हेच दिसतं. अमेरिकेतला प्रेस्बिटेरियन चर्च १८३७ साली फुटला तेव्हा एका गटाला ‘न्यू स्कूल’ आणि दुसऱ्याला ‘ओल्ड स्कूल’ असंच नाव पडलं. जुने लोक आधीपासून होतेच. जुनं हे बिरुद त्यांना नव्यांमुळे चिकटलं. पुढे दीडशे वर्षांनी हिप-हॉपमध्ये तीच कथा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सत्तरच्या दशकात पोरं गल्लीतल्या पार्ट्यांमध्ये हे संगीत वाजवत होती, तेव्हा ती स्वतःला जुनी कशाला म्हणतील? ऐंशीच्या दशकात नवी फळी आली, वेगळे ताल आले, आणि आधीची मंडळी एका रात्रीत ‘ओल्ड स्कूल’ झाली. आज तरुण पोरांच्या तोंडी हा शब्द कौतुकाने येतो तो बराचसा याच वाटेने. त्याआधीचा इंग्रजी वापर ‘अ जंटलमन ऑफ द ओल्ड स्कूल’ असा कडक इस्त्रीचा होता.

म्हणून शब्द कानावर आला की मनात लगेच प्रश्न विचारायचा: इथे नवं कुठलं आहे? लीड्सच्या ग्राहकाच्या वाक्यात नवं होतं चॅट. त्याला ते नको होतं. उत्तर मिळालं की वाक्य उलगडतं.

पायरी ३ : कोण कुणाबद्दल बोलतंय ते बघा

शब्द एकच, पण तो शिवी आहे की शाबासकी हे बोलणारा आणि ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो, यांच्यातल्या नात्यावर ठरतं. मराठीत हे ओझं आपण वेगवेगळ्या शब्दांवर वाटून दिलंय, जुन्या वळणाचा, जुन्या पठडीतला, जुनाट. इंग्रजीत बिचारा एकच शब्द तिन्ही ओझी वाहतो, त्यामुळे आजूबाजूला बघावंच लागतं.

माणूस स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा. ‘आय ॲम ओल्ड स्कूल’ हे वरवर स्वतःची थट्टा केल्यासारखं वाटतं. फसू नका. ही बहुतेक वेळा सभ्य भाषेतली अट असते. ‘आय ॲम ओल्ड स्कूल, आय लाइक थिंग्ज ऑन पेपर’ असं वरिष्ठ म्हणाला, तर उद्या सकाळी त्याच्या टेबलावर प्रिंटआउट हवा. त्याने तुम्हाला त्याचा स्वभाव सांगितला नाही, काम सांगितलं. बीडचा मुलगा इथेच चुकला, आणि तो एकटा नाही. आपल्याकडे साहेब काम सांगतो तेव्हा काम सांगितल्यासारखंच सांगतो, त्यामुळे आडून आलेली सूचना आपल्या कानाला सूचना वाटतच नाही. खरं तर घरी आपल्याला हे नीट कळतं. सासरे ‘आम्हाला बाबा हे बाहेरचं पचत नाही’ म्हणाले, तर ते पोटाची तक्रार करत नसतात, पिझ्झा मागवू नका असं सांगत असतात.

वरिष्ठ तुमच्याबद्दल म्हणतो तेव्हा. तुम्ही बैठकीत वहीवर टिपणं काढलीत आणि तो म्हणाला, ‘ओल्ड स्कूल! आय लाइक दॅट.’ ही शाबासकी आहे. लाजू नका, ‘नो नो सर, आय हॅव लॅपटॉप’ असा खुलासा तर मुळीच करू नका. हा खुलासा मी स्वतः ऐकलेला आहे.

तुम्ही वरिष्ठाबद्दल म्हणता तेव्हा. शक्यतो म्हणू नका. तोंडावर तर नाहीच. वर्गातल्या एका मुलीने निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोप समारंभात ‘सर, यू आर व्हेरी ओल्ड स्कूल’ म्हटलं होतं. तिच्या मनात होतं, तुम्ही शिस्तीचे, शब्दाला जागणारे. साहेबांना ऐकू आलं, तुम्ही जुने झालात. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा पडल्या. कौतुकच करायचं असेल तर शब्दामागे कौतुकाचं कारण जोडून द्या: ‘ओल्ड-स्कूल डिसिप्लिन’, ‘ओल्ड-स्कूल करटसी’. मग साहेब जुने ठरत नाहीत, त्यांची शिस्त जुन्या बाण्याची ठरते.

तिसऱ्याबद्दल बोलताना कौतुक निःसंकोच करता येतं. शिवाजी पार्कवर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवणारे रमाकांत आचरेकर सर: गोलंदाजाने आउट केलं तर नाणं त्याचं, सचिन शेवटपर्यंत टिकला तर सचिनचं. बॉलिंग मशीन नाही, व्हिडिओ नाही, पाठीवर थाप सुद्धा नाही. त्यांना ‘ॲन ओल्ड-स्कूल कोच’ म्हटलं तर जगातल्या कुठल्याही क्रिकेटवाल्याला त्यात आदरच ऐकू येईल.

कामाच्या पद्धतीबद्दल म्हणतात तेव्हा. इथे सावध. ‘युअर प्रोसेस इज अ बिट ओल्ड स्कूल’ हे ग्राहकाने म्हटलं तर त्यात गोडवा शोधत बसू नका. तो सांगतोय, बदला. ‘ओल्ड-स्कूल माइंडसेट’ तर जवळजवळ नेहमीच टोमणा असतो. माणसाला लावला तर हा शब्द निदान दोन्हीकडे झुकू शकतो; एक्सेलच्या फायलीला लावला की कौतुकाची शक्यता फारच कमी.

शेजारचे छोटे शब्दही खुणा देतात. ‘टू ओल्ड स्कूल’ म्हणजे अतीच जुनं, टीका. ‘गुड ओल्ड-स्कूल’ म्हणजे प्रेम. इंग्लंडमध्ये ‘प्रॉपर ओल्ड-स्कूल’ म्हटलं की समजा माणूस खूश आहे. बहुधा एखाद्या पबबद्दल नाहीतर बचावपटूबद्दल बोलतोय.

पायरी ४ : व्याकरण, थोडक्यात

नामाच्या आधी आला की मध्ये छोटी रेघ: ‘ओल्ड-स्कूल टीचर’. क्रियापदानंतर एकटा आला तर बहुतेक जण रेघ देत नाहीत: ‘ही इज ओल्ड स्कूल’. या दुसऱ्या वाक्यात मध्ये ‘ॲन’ घालायचा नाही; ‘ही इज ॲन ओल्ड स्कूल’ म्हणजे तो माणूस नसून इमारत आहे.

‘ऑफ द ओल्ड स्कूल’ म्हणायचं तर ‘द’ हवाच. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘ही इज फ्रॉम ओल्ड स्कूल’ कानाला खटकतं. आणि ‘माय ओल्ड स्कूल’ म्हणजे मी पूर्वी जायचे ती शाळा, तिथे पठडीबिठडी काही नाही. तुलना करायची तर ‘मोअर ओल्ड-स्कूल’. ‘ओल्डर स्कूल’ म्हटलंत तर पुन्हा इमारतच उभी राहते.

उच्चारात ‘ओल्ड’मधला ‘ड’ भराभर बोलताना जवळजवळ गिळला जातो, ‘ओल्स्कूल’ असं काहीसं ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा गोंधळ निम्मा यामुळेच होतो. टी-शर्टवर किंवा बुटावर ‘स्कूल’चं स्पेलिंग मध्ये ‘के’ घालून चुकीचं लिहिलेलं दिसेल. व्हॅन्सच्या एका प्रसिद्ध बुटाचं नावच तसं आहे. ती मुद्दाम केलेली फॅशन आहे, ईमेलमध्ये उचलू नका.

पायरी ५ : शेजारच्या शब्दांपासून वेगळा ठेवा

इथे सगळ्यात जास्त घसरगुंडी. एकेक घेऊ.

‘ओल्ड-फॅशन्ड’ हा सख्खा भाऊ, पण रुसलेला. त्यात ‘काळाच्या मागे’ हा सूर सहज येतो. ओल्ड स्कूलमध्ये जो ऐटदारपणा आहे तो त्यात कमी. ‘आउटडेटेड’ म्हणजे कालबाह्य, तिथे प्रेमाला जागाच नाही.

‘ओल्ड हॅट’ म्हणजे शिळी कढी. सगळ्यांना माहीत, कंटाळा आलेली गोष्ट. टोपीशी संबंध ठेवू नका.

‘ओल्ड गार्ड’ म्हणजे संस्थेतली किंवा पक्षातली जुनी, मुरलेली, खुर्ची न सोडणारी मंडळी. नेपोलियनच्या शाही रक्षकदलातल्या सर्वांत अनुभवी सैनिकांचं हे नाव. आपल्या वर्तमानपत्रांत यांनाच ‘निष्ठावंत’ म्हणतात, निदान तिकीट कापलं जाईपर्यंत. ओल्ड स्कूल माणूस एकटा असू शकतो, ओल्ड गार्ड नेहमी कळपाने असतो.

‘ओल्ड स्कूल टाय’मध्ये मात्र शाळा खरीच आहे! इंग्लंडातल्या महागड्या खासगी शाळांचे विशिष्ट पट्ट्यांचे टाय असतात. त्यावरून आलेला हा शब्द म्हणजे एकमेकांना नोकऱ्या लावून देणारं, कामं करून देणारं माजी विद्यार्थ्यांचं जाळं. पहिल्या पायरीत काढून टाकलेली शाळा इथे परत आत येते, इलाज नाही.

‘व्हिंटेज’ हा मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा शब्द, वस्तूंना लागतो, आणि वस्तू खरोखर त्या काळातली हवी. ब्रिटनमध्ये व्हिंटेज मोटार म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळातली. ‘रेट्रो’ म्हणजे आज बनवलेली पण जुन्यासारखी दिसणारी. आजोबांचा मर्फी रेडिओ व्हिंटेज. त्याच्यासारखा दिसणारा, आत ब्लूटूथ असलेला स्पीकर रेट्रो. आणि ब्लूटूथ घरात असताना मर्फीची सुई फिरवत बसणारे आजोबा ओल्ड स्कूल. वर्गात हे एक वाक्य सांगितलं की मुलं वहीत उतरवून घेतात.

‘क्लासिक’ आणि ‘क्लासिकल’ची गल्लत नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला जो अभिजात भाषेचा दर्जा दिला तो ‘क्लासिकल’. एखादी बॅट, एखादा विनोद, एखादी चूक हे ‘क्लासिक’.

‘ट्रॅडिशनल’ हा समाजाचा शब्द, ओल्ड स्कूल हा बहुतेक वेळा व्यक्तीच्या निवडीचा. येवल्याची पैठणी ट्रॅडिशनल. ‘ओल्ड-स्कूल पैठणी’ म्हणाल तर विणकर गोंधळेल. पण लग्नाची पैठणी मोबाइलवर न मागवता येवल्याला जाऊन, मागाशेजारी बसून, पदर हातात घेऊन निवडणारी आत्या, ती ओल्ड स्कूल.

आणि जागांसाठी वेगळाच शब्द आहे, ‘ओल्ड-वर्ल्ड’. पणजीतलं फोंतेन्हास, मुंबई-पुण्याचे इराणी, एखादा उरलासुरला वाडा, यांना ‘ओल्ड-वर्ल्ड चार्म’ असतो. वाड्याच्या ओटीवर बसून घरभाडं रोखीतच घेणारे मालक मात्र ओल्ड स्कूल.

राहिलं ‘ओल्ड इज गोल्ड’. हे आपलं भारतीय लाडकं वाक्य, ‘जुनं ते सोनं’चं जुळं भावंड वाटतं. लीड्समध्ये म्हणालात तर समोरचा हसून मान हलवेल, पण तो स्वतः असं म्हणत नाही.

पायरी ६ : मराठीत आणताना

भाषांतराची कामं करणाऱ्यांसाठी ही पायरी. इतरांनी उडी मारली तरी चालेल.

‘जुन्या शाळेचा माणूस’ असं भाषांतर मी उपशीर्षकांमध्ये वाचलं आहे, आणि तेव्हा पडद्यावर एक पोलीस अधिकारी होता. लिहू नका.

कौतुक असेल तर ‘जुन्या वळणाचा’. वळण हा शब्द मला फार आवडतो: अक्षराला वळण असतं, पोराला वळण लावतात, आणि रस्त्याचंही वळणच. घडवलं गेल्याचा जो अर्थ इंग्रजी ‘स्कूल’मध्ये लपलाय तो ‘वळण’मध्ये उघड आहे. सूर तटस्थ असेल तर ‘जुन्या पठडीतला’. टीका असेल तर ‘जुनाट’. म्हाताऱ्या, हट्टी पण हव्याहव्याशा माणसाबद्दल असेल तर ‘जुनं खोड’, हे तर मूळ इंग्रजीपेक्षाही चवदार आहे.

‘कर्मठ’पासून लांब राहा. हिंदीतून काम करणारे मित्र तो सुचवतील, कारण हिंदीत कर्मठ म्हणजे कष्टाळू, कर्तबगार. मराठीत त्याच शब्दाला सोवळ्याओवळ्याचा वास येतो. एका माहितीपत्रकात मूळ इंग्रजीतले ‘ओल्ड-स्कूल’ संस्थापक हिंदीमार्गे मराठीत येईपर्यंत ‘कर्मठ संस्थापक’ झाले होते. छापायला जाण्याआधी सापडलं, नाहीतर संस्थापक थेट मुंज लावायला बसले असते.

गप्पांमध्ये तसाच ‘ओल्ड स्कूल’ म्हटलं तर मला काही वावडं नाही. ‘बाबा एकदम ओल्ड स्कूल आहेत रे, पासबुक भरून आणल्याशिवाय त्यांना पैसे जमा झाले असं वाटत नाही’ हे वाक्य आता मराठीच आहे.

पायरी ७ : स्वतःवर वापरून बघा

नवशिक्याने हा शब्द प्रथम दुसऱ्या कुणावर न वापरता स्वतःवर वापरावा. दुखावायला कुणी नसतं, आणि तिसऱ्या पायरीत सांगितलेली सभ्य अट घालण्याची सोय आयती मिळते. ज्याला फोनवरचं भराभर इंग्रजी कळत नाही, त्याला तर हे हत्यारच आहे. ‘मला तुमचं बोलणं कळलं नाही’ असं तिसऱ्यांदा म्हणायची लाज वाटते. ‘मी जरा जुन्या वळणाचा, लेखी द्याल का’ यात लाज कसली?

वाक्य पाठ करून ठेवा: ‘आय ॲम अ बिट ओल्ड स्कूल, कुड आय हॅव इट इन रायटिंग?’ ‘अ बिट’ विसरायचं नाही, सगळा नम्रपणा तिथेच आहे. ‘सॉरी सर’ लावायचं नाही. म्हणताना किंचित हसायचं, फोनवर सुद्धा, आवाजात कळतं.

बीडच्या मुलाने हे वाक्य जिन्यात येरझाऱ्या घालत दहा-बारा वेळा घोकलं. लीड्सला आता तो रोज ठरल्या वेळी फोन करतच होता. त्या आठवड्यात ग्राहकाने फोनवरच सात-आठ बदल एका दमात सांगितले, त्यातले याला तीन कळले. पोरगा एक क्षण थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, “आय ॲम अ बिट ओल्ड स्कूल, आय ॲम अफ्रेड. कुड आय हॅव इट इन रायटिंग?”

पलीकडे जरा शांतता, मग मोठ्याने हसणं. संध्याकाळी साडेसहाला मेल आला. आठ बदल होते, क्रमांक घालून.